आधी पाठ वाचा

१ ऑगस्ट ९८, शनि.
सकाळी वीज नव्हती. दुपारी कॉलेजच्या संगणक केंद्रातल्या मोडेमने पुण्याची लाइन पकडली. अंधश्रद्धांवर चर्चा करणाऱ्यांच्या लिस्टवर ई-मेल बरेच. एका नवख्याचा प्रश्न: पत्रिका जुळवून केलेली लग्नं बहुतेक टिकतात, मग पत्रिकेत तथ्य नाही असं कसं म्हणता? मी नेहमीच्या दोन ओळी पाठवल्या. आधी पाठ वाचा. महिनाभर नुसतं वाचा, मग लिहा.
नवख्यांसाठीचा हा पाठ मीच लिहिला आहे. पुरावा कशाला म्हणायचं, इथपासून. सहा भाग. त्याच त्या प्रश्नांना कंटाळून जाणते लोक लिस्ट सोडतात, म्हणून नियम. नियम बरोबर आहे.
त्या माणसाने तासाभरात लिस्टमधून नाव काढून घेतलं. काही वाटलं नाही.

८ ऑगस्ट, शनि.
शिक्षकांचा संगणक वर्ग. गायकवाड सर कर्जतहून एसटीने येतात. हायस्कूलला विज्ञान शिकवतात, वयाने माझ्या काकांएवढे. वर्ग सुटल्यावर मी लिस्ट वाचत होते, तर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.
"मॅडम, ही मंडळी कशावर भांडत्यात?"
"भांडत नाहीत. चर्चा आहे."
"मग आमाला बी बसवा की पंगतीला."
त्यांना विचारायचं आहे ते असं. शाळेसाठी बोअर घ्यायचं आहे. कमिटीने पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की जागा ठरते. त्याच्या जागेला बहुतेक वेळा पाणी लागतं. म्हणजे नारळाला कळतं का? सरांना पटत नाही, पण कमिटीपुढे बोलायला मुद्दा नाही.
हा प्रश्न भाग दोनमध्ये आहे. मी पाठाची छापील प्रत दिली. इंग्रजी. त्यांनी ती हातावर तोलली.
"आधी पवायला शिका, मग हिरीत उतरा. असंच ना?"
"तसंच."
"आमच्याकडं पाठीला डबा बांधत्यात आन् देत्यात ढकलून."
"हा पाठ म्हणजे डबाच आहे, सर."
"आसंल. पर हिरीत हाय, तवर डबा. काठावर नुसतं वजन." मग प्रत पिशवीत घालता घालता, सहज: "माज्या आज्याला तर काठावर बी उभं राहू देत नव्हते."
मी लाइन तोडली. वेळ संपली होती.

१५ ऑगस्ट, शनि.
वर्ग नव्हता, तरी शाळेतलं झेंडावंदन उरकून गा. सर आले. पाठाचा पहिला भाग शब्दकोश घेऊन वाचला म्हणाले. समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले. खोटं नव्हतं.
सरावासाठी मी त्यांना प्रश्न टाइप करायला बसवलं. पाठवायचा नव्हता. प्राचार्यांचा निरोप आला, मी वर गेले. परत आले तर सर हात चोळत बसलेले.
"गेलं! तुमी वर्गात दाखवलं, अगदी तसं."
केंद्राचं खातं एकच. मेलखाली माझं नाव-हुद्दा आपोआप लागतो, ती सोय माझीच. दुसऱ्याचा मेल असला की मी तो मजकूर पुसते. हा पुसलेला नाही. लिस्टच्या दृष्टीने नारळाचा प्रश्न मी विचारला आहे.
सरांना सांगितलं नाही. ते खुशीत होते.

१८ ऑगस्ट, मंगळ.
नऊ उत्तरं.
बंगळूरचे प्राध्यापक, जे नवख्यांना कधी उत्तर देत नाहीत, त्यांनी दोन पानं लिहिली आहेत. तुमच्यासारखीने इतका साधा प्रश्न विचारला म्हणजे त्यामागे काही खोल असणार. अमेरिकेतल्या एकाने लिहिलं, असे प्रश्न लिस्टवर यायला हवेत.
पाठ वाचा असं कोणीही म्हटलेलं नाही.
पत्रिकावाल्याचा प्रश्न आणि हा, एकच आहेत. फक्त नाव…
जेवले. झोपले.

२२ ऑगस्ट, शनि.
उत्तरं छापून दिली. गा. सरांनी बाकावर बसून सगळी वाचली. मग कागद बाहेर काढला. नारळाशिवाय घेतलेल्या बोअरांचं काय, हे प्राध्यापकांनी विचारलंय, त्याची सरांनी आधीच गावात चौकशी केली होती. म्हणजे भाग दोनही वाचला होता.
"त्यांना बी पाणी हाय की हो! नदीकडच्या पट्ट्यात कुठंबी पाडा, लागतंय. नारळ फुकट मिरवतोय."
पहिल्यांदा हसले. पुढचा प्रश्नही लिहून आणला होता. मग त्यांचं लक्ष वरच्या संबोधनाकडे गेलं.
"ह्ये तुमाला लिवलंय."
"हो. चुकून माझं नाव गेलं."
"म्हंजे माजं न्हाईच कोनी वाचलं."
सरांनी नव्या प्रश्नाचा कागद पुढे केला.
"ह्यो दुसरा माज्या नावानं टाका. बगू काय म्हनत्यात."
"तुमचे चार भाग राहिलेत, सर. पाठ वाचा म्हणतील."
"वाचतो की. पर आत बसून वाचतो."
नियम मोडला तर पत्रिकावाल्याचं काय, असं मी म्हणणार होते. सरांना तो माहीत नाही. कागद ठेवून घेतला.

२५ ऑगस्ट, मंगळ.
दोन मेल पाठवले.
एक माझा. नारळाचा प्रश्न माझा नव्हता. कर्जतच्या गायकवाड सरांचा, ते नवीन आहेत. मिळालेली उत्तरं त्यांची. यापुढे ते स्वतः लिहितील. खाली माझं नाव.
दुसरा सरांचा, त्यांच्याच इंग्रजीत, दुरुस्त न करता. खाली माझं नाव पुसलं, त्यांचं लिहिलं.
पत्रिकावाल्यालाही लिहायला घेतलं. 'तुमचा प्रश्न'पर्यंत आले. तसंच ठेवलं आहे.

२९ ऑगस्ट, शनि.
बुधवारपासून लाइन नव्हती. आज लागली. गा. सर वर्गाआधीच हजर. कमिटी सोमवारी बसतेय, पाणाड्यालाही बोलावलंय.
लिस्टवर माझ्या मेलला उत्तर नाही. सरांच्या मेलला एकच, बंगळूरचं. यादीत फक्त नाव आणि विषय दिसतो.
"उघडा की, मॅडम."
मी खुर्चीवरून उठले. "तुमचं आहे. तुम्ही उघडा."
सर बसले. चष्मा पुसला.
"पाठ वाचा म्हनलं आसंल तर?"
"तर भाग तीन."
"आन् नसलं म्हनलं तर?"
"तरी भाग तीन."
त्यांनी एंटर दाबलं. अक्षरं वरून एकेक ओळ उतरतात, वेळ लागतो. मी मागे उभी होते, त्यांच्या नेहमीच्या जागी. तिथून पडद्यावरचं नीट वाचता येत नाही.