स्क्रू आवळणाऱ्या थोरल्या भावाला काहीही नाही

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा पाइप फिटर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या धाकाखाली नसताना हे लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरचा वेल्डर इमारतीला बाहेरून टांगलेल्या कामाच्या पाळण्यातून पडून गेला. त्याने काहीच लिहिलं नव्हतं. त्याचे भाऊ इथे येऊन त्याच्या बुटांवरून भांडले.

एक. घराचा माझा अर्धा हिस्सा वहिनीला, तिच्या एकटीच्या नावे. दादाला त्यातली वीटसुद्धा नाही.

कारणही लिहितो, नाहीतर तो 'धाकट्याला बाहेरची हवा लागली' म्हणत फिरेल. घर टाकीच्या टेकडीखाली, पाणी अंगावर धावून येतं. म्हणून गेल्या सुट्टीत मी मीटरपाशी प्रेशरचा व्हॉल्व्ह बसवला. आत रबरी पडदा, वर स्प्रिंग. घरातला जोर वाढला की पडदा स्प्रिंगला वर ढकलतो, तोंड मिटतं. नळ सोडला की जोर उतरतो, स्प्रिंग खाली दाबते, तोंड उघडतं. डोक्यावरचा स्क्रू आवळाल तितका घरात जोर जास्त. दादाला बजावलं होतं. तो म्हणाला, "मला नळ शिकवतोस?"

मग नळाचे शिंतोडे उडतात म्हणून जोर कमी करायला त्याने स्क्रू आवळला. जोर वाढला, तर आणखी आवळला. गिझरचा जोड निसटला आणि कढत पाणी आईच्या हातावर.

आईला त्याने सांगितलं, धाकट्याच्या यंत्राने घात केला. तेव्हापासून आई माझा फोन घेत नाही. वहिनीने चोरून फोन केला, "भाऊजी, ह्यांनीच पान्याने आवळला. मी समोर होते." मी सांगत गेलो, तिने स्क्रू ढिला केला. वाद नाही, शहाणपणा नाही; "कुठवर?" एवढंच विचारलं.

दोन. बँकेत असेल ते आईच्या हाताच्या इलाजाला. व्यवहार वहिनीने बघायचा.

तीन. पाने, ड्रिल, प्रेशर मोजायचं घड्याळ वहिनीला. दादाच्या हाती हत्यार दिलं की माणसं भाजतात.

चार. हे वाचून दादा वहिनीवर उखडेल. खुशाल उखडावं. तेव्हा ती अर्ध्या घराची मालकीण असेल. आवाज चढवायचा तर आपल्या अर्ध्यात जाऊन चढवावा.

पाच. मी जिवंत असताना दादाने आईसमोर खरं कबूल केलं, तर पहिलं कलम बदलायचा विचार करीन. विचारच. आणि 'सांगितलं बरं का' हे त्याच्या तोंडून चालणार नाही. आईचा फोन आला तरच खरं धरीन.

सही: धाकटा
साक्षीदार: क्रेनवाला (सही), मेसचा आचारी (अंगठा)
ठिकाण: कामगारांची खोली, वरची खाट
दिनांक: आज, रविवार, सुट्टीचा दिवस