मोरपंखी नेमका कोणता

आई, गेल्या महिन्यात बजाजनगरमधल्या एका बाल्कनीत, भर सकाळच्या उन्हात, मी पैठणीचा पदर धरून उभी होते आणि तुझी फार आठवण आली. तिथं कशी पोचले ते सांगते. तू गुलमंडीजवळच्या स्टुडिओसाठी काळ्या-पांढऱ्या फोटोंत ब्रशनं रंग भरायचीस. तू गेल्यावर काही वर्षांनी मीही फोटोचंच काम धरलं, फक्त माझं सगळं कॉम्प्युटरवर. पैठणला एक विणकर बाई आहेत. त्यांच्या साड्यांचे फोटो मी काढते, रंग नीट करते, आणि ते बघून लोक घरबसल्या साडी मागवतात.

तर त्या बाईंचा फोन आला. "ताई, मोरपंखी साडी माघारी धाडायलेत. नवरी म्हनती, फोटोत निळी व्हती, हातात हिरवी आली." मी म्हटलं, मोरपंखी अशीच असते, तिला समजत नसेल. "आसंल," त्या म्हणाल्या, "पर लगीन तोंडावर आलंय. आता तिनं काय नेसावं?" अख्खा उन्हाळा बाई त्या साडीसाठी मागावर बसल्या होत्या, आणि काळजी मात्र नवरीच्या नेसण्याची. आवाजात जरासुद्धा राग नव्हता. त्यामुळंच मला जास्त लागलं.

फोन ठेवला आणि आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. खिडकीखाली तुझा पाट, बशीत कालवलेले रंग, तोंडात धरलेला बारीक ब्रश. मी नऊ-दहा वर्षांची असेन. संध्याकाळी तू मला एक बिघडलेली प्रत देतेस, "ही तुझी, कर काय करायचं ते," आणि मी ट्यूबलाइटखाली बसून फोटोतल्या बाईच्या साडीला लालभडक काठ रंगवते. सकाळी तू ती खिडकीत धरतेस. काठ विटकरी. "ट्यूबलाइटचं ऐकून रंग लावलास व्हय? ती कुनाला खरं सांगत नसती." एवढंच बोललीस आणि भाकरी थापायला वळलीस.

माझी स्क्रीन नवीकोरी होती. दुकानात तिची झळाळी बघूनच घेतलेली. मित्राकडून रंग मोजायचं यंत्र आणलं. पुरीएवढं असतं, स्क्रीनवर लटकवून ठेवायचं. स्क्रीन एकेक रंग दाखवत जाते, यंत्र तो मोजतं आणि जिथं चुकतंय तिथं सुधारून देतं. काम संपलं तेव्हा स्क्रीन इतकी फिकी दिसायला लागली की बिघडवली की काय, असं वाटलं. चहा पिऊन परत आले तोवर डोळे सरावले होते. साडीचा फोटो उघडला तर निळाशार. झालं होतं असं, की स्क्रीन हिरवा रंग भडक दाखवायची, म्हणून मीच फोटोतला हिरवा दाबून तो निळ्याकडं ओढला होता. तो सुधारला, नवरीला पाठवला. तिचं लगेच उत्तर, "आता तर शेवाळी दिसतेय." विचारलं तर कळलं, डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनचा पडदा तिनं कायमचा पिवळट करून ठेवलाय. मी कपाळाला हात लावला. "साडी परत पाठवू नका," तिला म्हटलं, "आम्ही येतोय."

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या एस.टी.नं आल्या. त्यांना स्टँडवरून स्कूटरवर घेतलं आणि बजाजनगर गाठलं. नवरी कारखान्यात कामाला, ड्युटीला निघायच्या घाईत, तोंड जरा फुगलेलं. बाईंनी तिच्याशी वाद घातलाच नाही. साडी बाल्कनीत नेली, पदराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "उभा धागा निळा, आडवा हिरवा. हिकडून बघ पोरी. आता तिकडून." पदर हलला तसा हिरव्यातून निळा वर आला, पुन्हा आत गेला. नवरी बराच वेळ या टोकाकडून त्या टोकाकडं नुसती फिरत राहिली.

"म्हणजे पहिला फोटो खोटा नव्हता?" तिनं मला विचारलं.

"अर्धा खरा होता," मी म्हटलं.

ती हसली, पदर खांद्यावर घेतला आणि आरशाकडं पळाली. त्या दिवशी ड्युटीवर ती नक्की उशिरा पोचली असणार. आता मी प्रत्येक साडीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढते. लग्नाला बाई गेल्या होत्या, तिथून त्यांनी मला फोटो धाडला. मांडवातल्या दिव्यांखाली ती साडी चक्क जांभळी! आम्ही दोघी फोनवर हसत बसलो.

आणखी एक आहे. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुलाच सांगते. तुझा रंगीत फोटो एकुलता एक, आणि त्यात स्टुडिओवाल्यांनी तुला गोरीपान करून टाकलंय. आता स्क्रीनवर भरवसा बसलाय, म्हणून तो नीट करायला घेतला. तू सावळी होतीस हे पक्कं. पण किती, ते कुठलं यंत्र सांगणार? बराच वेळ रंग वरखाली केला, जमेना. शेवटी खिडकीत बसून माझ्या मनगटाचा फोटो काढला आणि तोच रंग तुझ्या चेहऱ्याला दिला. दादाला पाठवला. तो म्हणाला, "आई अगदी अश्शीच होती." मनगटाचं मी त्याला सांगितलेलं नाही.