हालिनाबाईंचा थर्मास

१४ ऑक्टोबर २०२५

सकाळी पुन्हा स्टँडवर जाऊन आलो. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी पाय तिकडेच वळतात. महाबळेश्वर गाडी अकरा मिनिटं उशिरा. मला काय करायचंय! पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

दुपारी मुंबईहून पूजाचा फोन. तिची महाडची मैत्रीण सेजल नऊ नोव्हेंबरला नोकरीसाठी पोलंडला चालली आहे. "बाबा, थर्मास द्यायचा का? तिथून पुढे झ्मेरिंकाला पाठवेल ती."

साडेतीन वर्षं तो थर्मास आमच्या फडताळात आहे. पूजा तेव्हा युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. लढाई सुरू झाली, पोरं मिळेल त्या रेल्वेने सरहद्दीकडे निघाली. झ्मेरिंका स्टेशनात गाडी पाच तास उभी. तिथल्या सामानघरात काम करणाऱ्या हालिनाबाईंनी खिडकीतून पूजाला चहाचा थर्मास दिला, आणि कप आणायला वळल्या तेवढ्यात गाडी सुटली. थर्मास पोलादपूरला आला, बाई तिथेच राहिल्या. फोन नंबर तेवढा पूजाने आधीच घेतला होता. सूचना न देता गाडी सोडणं! माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही.

१५ ऑक्टोबर

दर्शना, पूजाची आई, ऐकेना. तिचं कुडपणचं माहेर बोलतं अशा वेळी. "लोकाचं भांडं रिकामं परत नाय धाडायचं. सांगून ठेवते." याच एका वाक्यापायी थर्मास आजवर घरात राहिला. खाण्याचं पार्सल तिकडे कुणी घेईना, आणि रिकामा ही पाठवू देईना. शेवटी ठरलं, चहाची पावडर आणि वेलदोडे भरायचे. चहा आला होता, चहा जाईल.

१९ ऑक्टोबर

चैन नाही. फोनवर झ्मेरिंकाबद्दल वाचत बसलो. आधी लहानसं खेडं होतं. कीव-ओडेसा रेल्वे आली, दीडशे वर्षांपूर्वी, आणि पश्चिमेकडे फाटा फुटला, तिथे शहर उभं राहिलं. स्टेशन पाहिलं फोटोत. राजवाडाच! १९०४ साली पुरं झालं. रुळांखालून चालत जायला भुयार. एवढ्याशा गावाला एवढं स्टेशन कशाला, असा प्रश्न मला पडला नाही. नियंत्रकाला पडत नाही. जिथे गाड्या बदलतात तिथे माणसं खोळंबतात, आणि खोळंबलेल्या माणसाला छप्पर लागतं.

आमचं पोलादपूर तसंच की. एक रस्ता गोव्याला, एक घाट चढून महाबळेश्वरला. इथे उतरणारे थोडे, गाडी बदलणारे फार. उमरठची म्हातारी आणि परदेशी गोरा एकाच बाकावर बसलेले मी पाहिलेत. महामार्ग चौपदरी झाल्यापासून मोठ्या गाड्या थेट निघून जातात. त्याचा मला राग येतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

हालिनाबाईंनी मागे पूजाला लिहिलं होतं, "आमच्या गावात सगळे रेल्वेचे. माझा बाप रेल्वेचा, नवरा रेल्वेचा. जाणाऱ्याला उपाशी सोडायचं नाही, एवढंच आम्हाला येतं." हे वाक्य मी पाठ केलं आहे.

२४ ऑक्टोबर

आज महाडला जाऊन थर्मासवर नाव घालून आणलं. भेटीच्या भांड्यावर नाव नको? पूजाला सांगितलं नाही, गंमत म्हणून. महिपतीच्या दुकानात तासभर बसलो. "हालिनाबाईंस सप्रेम भेट. दर्शना व काशीराम, पोलादपूर." दर्शना हसली. "तिचाच थर्मास नि तिलाच भेट देताव होय?"

महिपतीने काम सुरेख केलंय. "काका, आधीचं कायतरी वरखडलेलं व्हतं. घासून काढलं नि मग नाव घातलं. बघा, आरसा हाय आरसा."

मी खूश.

२८ ऑक्टोबर

पूजाने हालिनाबाईंचा निरोप मराठीत करून पाठवला. जसाच्या तसा उतरवतो.

"थर्मास येणार हे ऐकून मी दोन दिवस रडले. भरायच्या भानगडीत पडू नका, रिकामा चालेल. तो माझ्या मुलाचा, आंद्रीचा. रेल्वेत लागला त्या दिवशी त्याने खिळ्याने त्यावर स्वतःचं नाव कोरलं. मार्चपासून तो आघाडीवर बेपत्ता आहे. त्याच्या हातचं अक्षर माझ्याकडे दुसरं नाही."

महिपती म्हणाला तो वरखडा म्हणजे हेच.

जेवलो नाही.

२९ ऑक्टोबर

थर्मास उन्हात धरून पाहिला. चारी बाजूंनी. काही राहिलेलं नाही. फक्त आमचं नाव, ठळक.

१ नोव्हेंबर

कारण न सांगता पूजाकडे तेव्हाचा फोटो मागितला, तिच्या फोनमध्ये सापडला. रेल्वेत बसली आहे, मांडीवर थर्मास. नाव स्पष्ट दिसतं, त्यांच्या लिपीत. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर अर्धचंद्र, आणि त्याला उगाच लांब शेपूट काढलेलं. आनंदात असलेल्या माणसाने काढावं तसं.

तो घेऊन महाडला गेलो. महिपती वरमला होता बिचारा. फोटो बघून म्हणाला, "हुबेहूब काढून देतो, काका. मागल्या बाजूला. त्या बाईला कळायचं पण नाय."

मी हो म्हणालो. हो, म्हणालो! मशीन सुरू झाली तेव्हा दर्शनाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती रोज त्यावरून हात फिरवणार. मशीनच्या रेघेवरून. तुमाला चालंल?"

थर्मास उचलून परत आलो.

३ नोव्हेंबर

पूजाला सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. रडली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हीच लिहा, मी भाषांतर करते." लिहिलं. आमच्याकडे भेट देताना भांड्यावर नाव घालतात, त्या हौसेत तुमच्या मुलाचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही. जुना फोटो सोबत पाठवला.

पोचल्याची खूण दिसते. वाचल्याची दिसते. उत्तर नाही.

४ नोव्हेंबर

नाही.

५ नोव्हेंबर

स्टँडवर गेलो. आठ ते बारा बसलो. नवा नियंत्रक अनिल म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, कुणाची नाही. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, थांबा, येईल गाडी. किती सहज सांगत होतो!

७ नोव्हेंबर

उत्तर आलं. दोनच शब्द. "पाठवा तरी."

दर्शनाने पावडर आणि वेलदोडे भरले. हालिनाबाईंनी रिकामा चालेल लिहिलंय, असं मी म्हणालो. "तिनं लिवलं ते तिच्या मोठेपणाचं. आपलं आपण करायचं."

८ नोव्हेंबर

महाडला सेजलच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. पोरीला वाटलं असेल काका वेडे आहेत.

१९ नोव्हेंबर

काही नाही. सेजलने तिकडून पुढे पाठवलाय म्हणे. झ्मेरिंकाकडे वीज नसते बरेच तास. गाड्या उशिरा.

२६ नोव्हेंबर

दर्शना सांजवात लावताना "त्या पोराला बघ" असं पुटपुटते. कोणत्या पोराला, हे विचारलं नाही.

४ डिसेंबर

पोचला! हालिनाबाईंनी थर्मासचा फोटो पाठवलाय. आमच्या "सप्रेम भेट"च्या खाली खिळ्याने ताजं नाव कोरलेलं. आईनेच कोरलं असणार, असं वाटून डोळे भरले. पूजा फोनवर म्हणाली, बाबा, जुना फोटो शेजारी धरा. धरला. अर्धचंद्राला तेच लांब शेपूट.

खाली हालिनाबाईंची एकच ओळ. "आंद्री म्हणतोय, तुमचा चहा फार कडक आहे."