खिंडीच्या अलीकडचा मुक्काम

१४ जानेवारी २००६, यवतमाळ
लिहायला बसले, कारण काल जमुनाने फोन आपटला. हॉस्टेलात असताना ठरलेली हिमालयातली ती खिंड या मे महिन्यात ओलांडायची. दोघी साठीला आलो, आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही. खर्चाचं निघालं तेव्हा मी म्हणाले, "तुझं कमी पडेल ते मी बघते." ती म्हणाली, "मंग तूच जाय."
बरोबर बोलली. अमरावतीला दोघींत एक स्टोव्ह होता, त्यातलं रॉकेलसुद्धा अर्धं-अर्धं. आता ती दारव्ह्याजवळ तांड्यावर शेती करते आणि मला पेन्शन आहे, म्हणून मी दानशूर?
तिचा कापूस घरात पडून आहे, भाव नाही. तरी तिने आठ हजार बाजूला काढलेत, रेल्वेसकट. त्यात बसवायचं. नाही बसलं तर ज. येणार नाही.

१७ जाने.
तिकडचा वाटाड्या धरमसिंग, त्याच्याशी फोनवर बोलले. खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं, सहा दिवस. वाटाड्याची रोजी, ओझं वाहायला एक माणूस, मुक्काम गावातल्या लॉजवर. खोली इतकी स्वस्त की दोनदा विचारलं. जेवण मात्र महाग, सगळं खेचरावरून वर जातं.
उपाय सोपा. शिदोरी. दशम्या, सातूचं पीठ, जवसाची चटणी. लॉजवर जेवायचंच नाही.
बसलं आठ हजारांत. झोप लागेल आज.

२२ जाने.
ज. बाजाराला आलेली, तिथून फोन. आधी तुटक. दशम्यांचं ऐकून हसली. "सहा दिवसाच्या दशम्या? त्या वाह्याले आनखी एक मानूस लागन." म्हणजे राग गेला.
तांड्यातल्या बायका तिला विचारतात, कोणत्या देवाले चालल्या? तिथे देव नाही म्हटल्यावर एकजण म्हणाली, "मंग कायले चढता बापा? वरतं कापसाले भाव भेटते का?"

२ फेब्रुवारी
धरमसिंगला सहज शिदोरीचं सांगितलं.  तो हळू आवाजात म्हणाला, "माताजी, ऐसा मत कीजिए."
खोली स्वस्त असते ती जेवणाच्या भरवशावर. लॉजवाली मोसमात चूल पेटवते आणि त्यावर वर्ष काढते. तिच्या छपराखाली झोपून आपला डबा उघडला, तर तिने काय खायचं? ती बोलणार नाही, पण पुढच्या खेपेला धरमसिंगच्या माणसांना खोली देणार नाही. आपल्याकडे पाहुण्याने डबा आणला तर कौतुक करतात. मी तेच धरून चालले.
जेवण धरलं की आठ हजार पार. ओझेवाला कमी करावा? साठीच्या दोन बायका, बर्फ. नाही.
हिशोबाचे दोन कागद करता येतील. एक खरा, एक ज.ला दाखवायचा. तिला कळणार नाही. मला कळेल.
खिंडीखालच्या शेवटच्या लॉजपर्यंत जाऊन परत फिरलं तर बसतं. तिथून खिंड समोर दिसते म्हणे.
दिसते.

७ फेब्रु.
ज.ला सरळ सांगितलं. खिंडीचं मला काही नाही, असंही म्हणाले.
"खोटं नको बोलू, वत्सले. हॉस्टेलात भिंतीवर नकाशा कोनं लावलता? तू जाय त्या वाटाड्यासंगं वरतं. तेवढं तुह्यं तू दे. मी बसतो त्या बाईच्या चुलीपाशी."
"तू खाली आणि मी वर? शोभतं का?"
"काहून? मी काय तिथं एकटी रडत बसनार हाओ? तिले कापसाच्या, पऱ्हाटीच्या गोष्टी सांगन. तिच्या आयकीन."
मी विषय बदलला. तिने तो पुन्हा काढला नाही. हे जास्त वाईट.

२५ फेब्रु.
ज. जीपने आली, दुपारी. थोडा कापूस विकला म्हणाली. कोणत्या भावात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टेकडीवर फिरून आलो. ती पुढे, मला धाप. वर पोचल्यावर म्हणाली, "अन् हे बाई खिंड चढनार." मी आधी दगडावर बसले.

देवाणघेवाण, आजची:
ज.कडून तिची निम्मी आगाऊ रक्कम. मोजून घेतली, तिला तसंच लागतं.
ज.कडून जवसाची चटणी, मोठा डबा. "हे त्या लॉजवालीले. आपन तिच्याच ताटातलं खाऊ."
माझ्याकडून तिला लोकरी मोजे. तिने किंमत विचारली. सांगितली. पैसे टेबलावर ठेवून गेली.
धरमसिंगला मनीऑर्डर, दोघींची, शेवटच्या लॉजपर्यंतची. तिथून वर, खिंडीच्या दिवसांचं काय, असं त्याने विचारलं होतं. त्या दिवसांचे माझे पैसे पाठवले नाहीत. नको, असंही कळवलं नाही.