खोक्यातल्या टीव्हीची वॉरंटी

प्रिय सुची,

जयवंत सोमवारी मस्कतला परत चाललाय, त्याच्या हाती हे पत्र आणि लालबागचा मसाला देतेय. यंदा तिखट जरा जास्तच पडलंय, मनू लहान आहे, तिच्या जेवणात बेताने घाल. फोनवर का नाही बोलले म्हणशील. अगं, आपल्या एवढ्याशा खोलीत कुठे बोलू? मी तुझ्याशी बोलायला लागले की तुझे अप्पा पेपर उघडून बसतात. वाचतात म्हणे! पान उलटलेलं मी तरी बघितलं नाही.

तुझ्या लग्नाला ते आले नाहीत, आणि अप्पांनी स्वतः बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही असं सांगून तू गेलीस. तीन वर्षं झाली त्याला. तू त्यांचीच मुलगी, यात मला कधी शंका आली नाही.

तर गेल्या वर्षीच्या पाडव्याला हे टीव्ही घेऊन आले. चांगला मोठा, व्हिडिओ कॉलवाला. कशाला ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्या फोनवर मनू अंगठ्याएवढी दिसते ना. मी खोक्याला हळदकुंकू लावलं, कात्री आणली, तर म्हणाले राहू दे. आपल्याकडे मिक्सर आला, फ्रिज आला, खोका फोडायचा मान तुझा. दुसऱ्याचा हात लागला तर घर डोक्यावर घ्यायचीस. ती येईल तेव्हा फोडेल, म्हणाले. बोलवायचं नाही, आणि येईल म्हणे! मी म्हटलं, अहो, वॉरंटी चालली फुकट. तर मलाच शिकवायला लागले, सील फोडल्याशिवाय वर्ष सुरूच होत नाही. शेजारच्या प्रफुल्लच्या मोबाइलचं वर्ष म्हणे चालू केला त्या दिवसापासून धरलं होतं. झालं! तेव्हापासून खोका कॉटपाशी उभा, वर चादर. गणपतीत पाहुण्यांनी त्यावर चहाचे कप ठेवले. मी रोज पुसते आणि रोज चिडते. पुसताना तुझी फार आठवण येते गं, खोटं कशाला सांगू. कधी कधी रडूही येतं.

यंदाचा पाडवा झाल्यावर मीच त्यांना कंपनीत फोन करायला लावला. पलीकडची मुलगी गोड होती. तिने नीट समजावलं, की काका, आम्ही बिलाच्या तारखेपासून धरतो. बिल हरवलं असेल तर खोक्यावरच्या नंबरवरून माल कारखान्यात कधी बनला ते बघून धरतो. काही वस्तूंना आमचा माणूस येऊन बसवून जातो तो दिवस धरतात, पण तुमच्या टीव्हीला नाही. तुमचं वर्ष संपलं. हे वाद घालत राहिले. सील तसंच आहे, दाखवू का म्हणाले, फोनवरून! शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे आम्ही नुसती वाट बघत होतो, ते दिवसही धरले तुम्ही?" पैसे भरून अजून एक वर्षाची वॉरंटी घेता येईल, ती मुलगी म्हणाली. "नको," हे म्हणाले, "अजून एक वर्ष नको." फोन ठेवला आणि कितीतरी वेळ खोक्यावरची चादर सारखी करत बसले.

त्याच संध्याकाळी तुला माझ्या नंबरवरून फोन आला होता आणि कुणी बोललं नाही. तू घाबरून परत केलास, तेव्हा मी सांगितलं, पुसताना चुकून लागला. चुकून नव्हता लागला. मी खाली भाजी आणायला गेले होते. वर आले तर हे इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून, फोन कानाला धरून उभे. तुझं ‘हॅलो, आई’ ऐकलं आणि ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मला बघितल्यावर फोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. हे मी तुला सांगितलंय असं त्यांना कळू देऊ नकोस. आता रोज संध्याकाळी मी मुद्दाम फोन घरात ठेवून बाहेर पडते. ते परत लावतील, मला माहीत आहे. माझ्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे कुणी बोललं नाही, तर ठेवू नकोस. तूच आधी ‘अप्पा’ म्हण.

तुझीच,
आई