तव्यावरचे हात

आई, पोळी तव्यावर तशीच टाकून मी हात नळाखाली धरलेत. लेक दारात उभी आहे, अंग कसकसतंय म्हणते. उद्या सकाळी मनमाडहून तिची गाडी आहे. बंगळुरूला, अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीच्या कामावर रुजू व्हायचंय. वेळेत पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. तिने जाऊ नये असं मला वाटतं, हे तिलाही माहीत आहे.

माझ्या लहानपणी एकदा तू अशाच पोळ्या करत होतीस. मी शाळेच्या कपड्यांत तुझ्याजवळ आले, ताप आलाय म्हणाले. तू तव्यावरचा हात तसाच कपाळाला लावलास. "गार तर आहेस. सोंग पुरे, दप्तर उचल." दुपारी शाळेतल्या बाई मला रिक्षाने घरी घेऊन आल्या आणि तुझा हात धरून माझ्या तापलेल्या पोटावर ठेवला. त्यानंतर तू ओट्यापाशी उभं राहून कधी ताप पाहिला नाहीस. लांब येऊन बसायचीस, हात धुवायचीस, पदराला पुसून थोडा वेळ नुसती थांबायचीस. मग लावायचीस. त्या थांबण्याचा मला राग यायचा.

मागे हे लेकीला सांगितलं, तर तिने टाळीच मागितली. "आजीला कळलं होतं की! तापल्या तव्यावरून बघितलं की पलीकडची भिंत थरथरते, तसा हवेतून तारा थरथरतो. पण तेवढंच नाही. जमीन गरम, हवा गरम, दुर्बीणही गरम. लांबच्या ताऱ्याची ऊब तिला कळणार कशी? त्यातली बरीचशी तर हवेतली वाफच गिळते. म्हणून तिला वर न्यायचं, उन्हाआड गार ठेवायचं."

"म्हणजे घरापासून लांब."

"आई, टोमणा नको. पोळी करपतेय."

आजही करपतेय. हात बर्फ झालेत. तुझ्यासारखी मी थांबले नाही. गार हाताला कुठलंही कपाळ गरमच लागतं, हे माहीत असून तसाच लावला. "ताप आहे," म्हणाले. "झोप. उद्याचं उद्या बघू." ती आत गेली. थर्मामीटर ओट्याच्या ड्रॉवरमध्ये होता. मी काढला नाही. तू आता नाहीस, हे तुला लिहून उपयोग नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सकाळी तिने स्वतःच ड्रॉवर उघडून तो लावला. ताप नव्हता. "जागेवर ठेव," थर्मामीटर माझ्या हातात देत ती म्हणाली. मी तिला मनमाडला सोडून आले.