व्हिटकोमांचा पाळणा

२ ऑक्टोबर २००४, शनिवार

रिकामा पाळणा हलवला म्हणून आज दोन ओरडे खाल्ले! एक सुलेखाचा. मी दर शनिवारी लोकांना दाखवतो ते म्युझियम केलेलं जुनं लाकडी घर बघायला बायको पहिल्यांदाच आली, आणि आल्या आल्या — "अहो, रिकामा पाळणा हलवतात का कधी?" दुसरा विनिफ्रेड व्हिटकोमबाईंचा. वय ब्याऐंशी, हे घर त्यांच्या पणजोबांनी बांधलं. त्यांची आईही हेच सांगायची म्हणे. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. खुळा ठरलो मी.

पण हलवला म्हणून तर कळलं. तळाशी काहीतरी कुरकुरतंय. नुसतं लाकूड असं वाजत नाही.

९ ऑक्टोबर

पाळणा आहे त्या झोपायच्या खोलीतली वस्तू न् वस्तू मला पाठ आहे. दोरांनी विणलेला पलंग — आपल्या बाजेचा भाऊच! मक्याच्या सालपटांची गादी. हात-तोंड धुवायचं चिनीमातीचं भांडं. इतिहास कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनमध्ये याबाबत माझी चूक कोणी काढून दाखवावी!

पाळण्यावर पाटी : १८३२, घर बांधणाऱ्या व्हिटकोमांनी स्वतः केलेला. मॅनेजर डेबोराला विचारून आज तो उलटा केला. चार स्क्रू. एक काढला — टोकदार!!

१० ऑक्टोबर

१८३२ च्या स्क्रूला टोक नसे. बोथट असे. शिवाय तळफळीवर यंत्राच्या करवतीच्या गोल खुणा. पन्नास वर्षांनंतरचा तरी असेल.

१६ ऑक्टोबर

डेबोराला सांगितलं. नियम साफ आहे — या खोलीत फक्त १८४० च्या आधीचं. "पाळणा इथून हलवावा लागेल. पण विनिफ्रेडला तूच सांग, शशी. यू फाउंड इट."

सुलेखा चिडली. "त्या बाईंना तेवढं एकच कौतुक आहे हो. तुमच्या एका स्क्रूपायी —"

मग काय खोटी पाटी वाचून दाखवू? दर शनिवारी?

जेवण गेलं नाही मात्र.

१९ ऑक्टोबर

फोन उचलला. ठेवला.

२३ ऑक्टोबर

सांगितलं. स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. चष्मा पुसून त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे पणजोबांनी केलेला नाही."

"नाही."

"यू आर शुअर?"

"हो."

काठी टेकत निघून गेल्या. माझं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच विनिफ्रेडबाईंचा फोन. नातीला जानेवारीत बाळ होणार. इतकी वर्षं पाळणा म्युझियमचा, बोटही लावायची बंदी, म्हणून दुकानातून प्लॅस्टिकचा आणलाय. "तुम्हाला तो नकोच असेल, तर आम्हाला बाळासाठी मिळेल?"

आणि मी — डेबोराला न विचारताच — हो म्हणून बसलो!